रातची लाईट आणि पोटाचं घड्याळ: खाखा आवरण्याची कृती

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी येते. या पट्ट्यात रब्बीचा हरभरा आणि गहू, शिवाय हळद पाण्यावर आली की घरातल्या जेवणाच्या वेळा महावितरण ठरवतं. शेतीपंपाला थ्री फेज लाईट मिळते ती कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीनं. रातची पाळी आली की घरातला एक माणूस बॅटरी आणि फावडं घेऊन शेतातल्या आखाड्यावर जातो, पाण्याची दारं धरतो आणि उजाडताना परततो.

अशा दिवसांत खाण्याची एक ठरावीक घडी बसते. सकाळी भूक नसते, म्हणून चहा आणि तंबाखू. दुपारी घाईत अर्धी भाकरी. रात्री आखाड्यावर फरसाणाचा पुडा आणि बिस्किटं. पहाटे घरी आल्यावर चुलीपाशी उभ्यानंच, ताट न घेता, पोटाला तड लागेपर्यंत खाणं. मग स्वतःचाच राग येतो आणि ठरतं, "उद्या दिवसभर काही खायचं नाही." दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

शेतकऱ्यांपुरतीच ही गोष्ट नाही. परभणीत खोली करून रात्र-रात्र अभ्यास करणारी मुलं, पाळीवर काम करणारे वॉचमन, आणि सगळ्यांची ताटं वाढून रात्री दहाला एकट्या जेवायला बसणाऱ्या बायका यांचीही घडी अशीच बसलेली असते. खाली दिलेली कृती या सगळ्यांसाठी आहे. तिचं सूत्र एकच: रात्रीची खाखा रात्री आवरत नाही. तिचा बंदोबस्त त्याआधीच्या दिवसात करावा लागतो.

हे कशामुळं होतं

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे 20,000 पेशींचा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. ते उजेडावर लागतं. यकृत, स्वादुपिंड आणि आतडी यांची घड्याळं वेगळी असतात आणि ती मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागतात. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. उजेड एक वेळ सांगतो आणि ताट दुसरी, तेव्हा ही घड्याळं एकमेकांपासून सुटतात.

भूकही या घड्याळावर चालते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात 12 जणांना मंद उजेडात ठेवून त्यांची झोप आणि जेवणं चोवीस तासांवर सारखी पसरवली होती. तरीही भूक सकाळी 8 च्या सुमाराला सगळ्यांत कमी आणि रात्री 8 च्या सुमाराला सगळ्यांत जास्त भरली. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही रात्रीच वाढली. म्हणजे सकाळी भूक नसणं आणि रात्री चिवड्यावर हात जाणं, यात दोष स्वभावाचा नाही.

त्यात झोप मोडली की भर पडते. 2004 च्या एका अभ्यासात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घटलं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढलं. रात्रीची मुळातली भूक, दिवसभराचं रिकामं पोट आणि अर्धी झोप ही तिन्ही एकाच वेळी आली, तर निग्रह पुरा पडत नाही.

आधी हे तपासा

रात्रभर पाण्यात उभं राहून आलेला माणूस तीन भाकरी खातो ती खाखा नव्हे, ती भूक आहे. खाखा ओळखायला तीन प्रश्न पुरेत. नेहमीच्या मानानं फारच जास्त खाल्लं का? थांबावंसं वाटूनही हात थांबला नाही, असं झालं का? खाल्ल्यावर शरम किंवा किळस वाटली का? आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं घडत असेल तर तो आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेनं 2013 च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा दिली.

दुसरा प्रकार रात्रीच्या खाण्याचा. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी त्याचं वर्णन 1955 सालीच केलं होतं. यात एका वेळी फार खाल्लं जात नाही, पण रात्रीच्या जेवणानंतर दिवसाच्या खाण्यातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त पोटात जातो, किंवा झोपेतून उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा डोळा लागत नाही. सकाळी मात्र अन्न नको वाटतं.

इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच हलवाव्यात. गरोदर बायका आणि अठराच्या आतली मुलं यांनीही तसंच. खाल्लेलं मुद्दाम ओकून काढत असाल किंवा त्यासाठी जुलाबाच्या गोळ्या घेत असाल, तर ही कृती बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

लागणारं साहित्य

भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन. लाईटीच्या पाळीचं वेळापत्रक. झाकणाचा एक डबा. झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर. आणि हे चाललंय हे ठाऊक असलेलं घरातलं एक माणूस.

कृती

1. पहिला आठवडा नुसतं लिहा. दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत, खाल्ल्याबरोबर चार गोष्टी टिपा: वेळ, काय, बसून की उभ्यानं, आणि खाखा असेल तर फुली. बाजूला लाईट दिवसाची होती की रातची आणि झोप किती तास झाली तेही लिहा. भाकऱ्यांचा हिशोब किंवा वजन लिहू नका. या आठवड्यात काही बदलायचंही नाही. शेवटी फुल्यांवरून नजर फिरवा. जिथं फुली आहे, तिथं त्याआधीचे सहा-सात तास पोट रिकामं होतं का, एवढंच बघा. बहुतेकांना उत्तर तिथंच सापडतं.

2. उठायची वेळ बांधा. रातची पाळी नसेल त्या दिवशी ठरल्या वेळी उठा. तासाभरापेक्षा मागंपुढं नको. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर जाऊ द्या: गोठा, अंगण, डेअरीपर्यंतची चक्कर, काहीही चालेल. मुख्य घड्याळ याच उजेडावर लागतं, आणि घरातली ट्यूब त्याची जागा घेत नाही. डिसेंबरात परभणीकडं सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो, त्यामुळं थंडीत पहाटे चारला उठून उपयोग नाही. उजाडल्यावर बाहेर असणं महत्त्वाचं.

3. न्याहारी परत आणा. उठल्यापासून दोन तासांच्या आत काहीतरी चावून खा. पहिले आठ दिवस भूक लागणार नाही, तरीही थोडं खायचं. अर्धी ज्वारीची भाकरी आणि दूध, वाटीभर सुशीला, दह्याबरोबर एक धपाटं किंवा ताकातल्या कण्या, यातलं काहीही. पोटाची घड्याळं याच वेळेवर लागत जातात आणि पुढं सकाळची भूक आपणहून येऊ लागते. चहा म्हणजे न्याहारी नव्हे. तंबाखू आणि गुटखा भूक मारतात, म्हणून निदान न्याहारी होईपर्यंत पुडी फोडू नका.

4. दिवसा चार तासांपेक्षा मोठी फट ठेवू नका. सगळ्या कृतीत ही पायरी सर्वांत महत्त्वाची. खाखाच्या आजारावर ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या उपचारातही अगदी सुरुवातीला हेच येतं: ठरल्या वेळी खायचं, भूक असो वा नसो, आणि अधल्यामधल्या वेळी खायचं नाही. दिवसाची लाईट असेल तेव्हा आखणी अशी ठेवा:

- सकाळी साडेसात: न्याहारी
- साडेअकरा: भाकरी, वरण किंवा उसळ, भाजी, कच्चा कांदा, ताक
- साडेतीन: मूठभर शेंगदाणे आणि गूळ, किंवा फुटाणे, किंवा पेरू
- संध्याकाळी सात: पूर्ण जेवण
- साडेनऊला भूक असेल तर: कपभर दूध

वेळा आपापल्या कामाप्रमाणं हलवा, मात्र दोन वेळांमधलं अंतर तेवढंच राहू द्या. प्रत्येक मोठ्या जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं यांपैकी एक तरी हवं. नुसती भाकरी आणि चटणी लवकर जिरते.

इथं हमखास एक प्रश्न येतो. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी प्रचारात आणलेली दिवसातून दोनदा, 55 मिनिटांत जेवायची पद्धत मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. ती मांडली गेली स्थूलता आणि मधुमेहासाठी. खाखाचा त्रास चालू असलेल्या माणसाला मात्र लांबलचक रिकामं पोट हेच संकट असतं. आधी खाखा थांबू द्या, मग वजनाचं बघा, आणि तेही डॉक्टरांना विचारून. दोन्ही एकाच वेळी करायला गेलात तर दोन्ही हातची जातात.

उपासाचंही तसंच. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत थांबायचं आणि मग रात्री नऊनंतर भरल्या ताटावर बसायचं, हा खाखाला आवतण देणारा दिवस आहे. उपास सोडायचा नसेल तर दिवसा दूध, फळं आणि शेंगदाणे वेळेवर घ्या, म्हणजे चंद्रोदयाला पोट अगदीच रिकामं नसेल. रमजानमध्ये सहरी चुकवू नये आणि इफ्तार दोन टप्प्यांत करावा: आधी खजूर, पाणी आणि थोडं फळ, नमाजनंतर जेवण.

घरातल्या बाईसाठी ही पायरी अवघड आहे आणि ती एकटीनं साधणारी नाही. सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, रात्री दहाला, असं जेवण रोज होत असेल तर तिचं दुपारचं ताट इतरांच्या ताटाबरोबर वाढलं जायला हवं. भाकऱ्या आधी थापून दुरडीत ठेवल्या आणि सगळे एकदम बसले, तर ते जमतं. साहित्यातलं ते घरातलं माणूस इथं कामाला येतं.

5. रात्रीचं जेवण दिवेलागणीला आणा. रात्री शरीर साखर सावकाश हाताळतं. तेच ताट सकाळी खाल्लं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री उशिरा खाल्लं तर जास्त. जिंतूरजवळच्या नेमगिरी या जैन तीर्थाला जाणारी कुटुंबं सूर्यास्ताच्या आत जेवतात. त्यांच्याइतकं काटेकोर नको, पण नऊ-साडेनऊचं जेवण आठवड्याला अर्धा तास अलीकडं ओढत सात-साडेसातपर्यंत आणता येतं. जेवणानंतर भांडी घासून ओटा आवरा, स्वयंपाकघरातला दिवा मालवा. झोपण्याआधी तासभर मोबाईल दूर ठेवा, कारण डोळ्यांवरचा तेज उजेड मुख्य घड्याळ मागं ढकलतो.

6. रातच्या पाळीची वेगळी आखणी करा. पाळी बदलली म्हणून पोटाचं घड्याळ बदलू नका. काम रात्री झालं तरी जेवण दिवसाचंच राहू द्या. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 19 जणांना रात्रपाळीसारखं जागवलं. रात्री जेवलेल्या गटाची साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी चढली, फक्त दिवसा जेवलेल्या गटाची वाढली नाही. आपल्याकडं ते असं जमवता येईल:

- दुपारी दीड-दोन तास झोप. खिडकीला चादर लावून, फोन बंद ठेवून.
- संध्याकाळी सातला घरी बसून पूर्ण जेवण. आखाड्यावर जेवायचा डबा नेऊ नका.
- बरोबर झाकणाचा छोटा डबा: एक धपाटं किंवा अर्धी भाकरी-भाजी, आणि मूठभर फुटाणे. डब्यात मावेल तेवढंच. दुकानातला पुडा न्यायचा नाही, कारण फोडलेला पुडा संपल्याशिवाय खाली ठेवला जात नाही.
- भाकरी किंवा धपाटं अकराच्या सुमाराला खा. बारा ते पाच पाणी प्या. पोट खरंच ओढत असेल तर फुटाणे आहेतच. उपाशी राहायची शिक्षा करून घ्यायची नाही.
- शेवटचा चहा बाराच्या आत. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात आणि पहाटेची झोप त्यात जाते.
- परतल्यावर हातपाय धुऊन, बसून, ताटात: अर्धी भाकरी आणि दूध. मग अंधारात झोप. भुकेल्या पोटी झोपलात तर दोन तासांत जाग येईल आणि खाखा तिथूनच सुटेल.
- अकराच्या सुमाराला उठा, बाहेर उजेडात जा, बाराला जेवा. पुढचं सगळं चौथ्या पायरीप्रमाणं.

आखाड्यावरचं पुष्कळसं खाणं भुकेचं नसतंच. झोप येऊ नये, सापाची आणि बिबट्याची धास्ती विसरावी, वेळ जावा, म्हणून तोंड चालू ठेवलं जातं. त्यावर उपाय अन्नात नाही. शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी जुळवून दोघांनी एकदम जाणं, पायात बूट, हातात चांगली बॅटरी, कानाशी रेडिओ, यांनी फरसाणाचा खप कमी होतो.

7. तरीही खाखा सुटली तर. घाबरू नका. जे खायचं ते ताटात घ्या, दिवा लावा, खाली बसा. उभ्यानं, डब्यातून, अंधारात खायचं नाही, एवढा एकच नियम पाळा. शक्य असेल तर सुरुवात करण्याआधी पंधरा मिनिटं लांबवा: अंगणात फेरी मारा, कोणाला तरी हाक मारा, तोंड धुवा. ओढ बहुधा चढते आणि ओसरते.

आणि खाऊन झालंच, तर कॅलेंडरवर फुली मारून पुढचं खाणं त्याच्या ठरल्या वेळी करा. दुसऱ्या दिवसाची न्याहारी चुकवायची नाही. चुकवलीत तर पुढच्या खाखाची तारीख तुम्हीच ठरवली. ही एक गोष्ट पाळली तरी साखळीचा एक दुवा निखळतो.

8. रातच्या पाळ्याच कमी करा. सात पायऱ्या माणसानं स्वतःला बदलण्याच्या झाल्या. पण मूळ दुखणं लाईटीच्या वेळेत आहे आणि तिथंही हात घालता येतो. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. आपला फीडर त्यात आहे का, हे महावितरणच्या कार्यालयात विचारा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा वाटा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के आहे. ते होईपर्यंत भाऊबंदांत रात्री वाटून घ्या, म्हणजे एकाच माणसावर सगळ्या रात्री पडणार नाहीत. ठिबक किंवा तुषार असेल तर दारं बदलायला सतत उभं राहावं लागत नाही, आणि वाचलेले दोन तास झोपेत घालता येतात.

चार आठवड्यांनी

कॅलेंडर पुन्हा समोर घ्या आणि फुल्या मोजा, वजन नव्हे. फुल्या पूर्वीच्या निम्म्या झाल्या असतील तर आखणी बरोबर आहे, तीच चालू ठेवा. कमी झाल्या नसतील तर आधी चौथी पायरी तपासा. बहुतेक वेळा दुपारची फट पुन्हा रुंदावलेली सापडते.

आखणी नीट पाळूनही फुल्या तशाच असतील, झोपेतून उठून खाणं चालू असेल, मन उदास राहत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा आणि परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. झोपेची गोळी चालू असेल तर तिचं नाव आवर्जून सांगा, कारण काही गोळ्यांनी माणूस अर्धवट झोपेत खातो. मानसिक त्रासात मदत करणाऱ्या ‘टेलिमानस’चा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. जाताना कॅलेंडरची पानं बरोबर न्या. "मला खाण्यावर ताबा नाही" हे तोंडानं सांगणं जड जातं, पण पानावरच्या वेळा आणि फुल्या डॉक्टरांपुढं ठेवल्या की पुढचं बोलणं सोपं होतं.